सगळ्यांची आई

उमेदवाराचं भाषण रंगात आलं, की शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला मंचावर पुढे आणत. तिनं बोलायचं नसे. नुसतं उभं राहायचं.

सात वर्षांपूर्वी तिची एकुलती एक मुलगी नाहीशी झाली. तेव्हा लोक नाही नाही ते बोलले. शिवायला कपडे येईनासे झाले. मग यंदा भाषणं लिहिणारा एक गृहस्थ घरी आला, दोन तास बसला आणि गोष्ट लिहून घेऊन गेला: नदीपलीकडच्यांनी मुलीला उचलून नेलं, मारलं, पाण्यात सोडून दिलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. ज्यांनी तोंडसुख घेतलं होतं, तेच आता तिला खुर्ची पुढे करत. अख्खं शहर तिला आई म्हणू लागलं.

मागच्या सभेनंतर नदीपलीकडची आठ घरं जळाली.

शेवटच्या सभेच्या आदल्या दुपारी एका सुताराची बायको तिच्या दारात आली. कडेवर लहान मुलगी होती. आईला भेटायला रोज कोणी ना कोणी येई, त्यामुळे शेजाऱ्यांनी मान वर करून पाहिलंही नाही.

ती उंबऱ्यातच थांबली. आठातलं एक घर तिचं होतं. नवरा दवाखान्यात होता, दोन्ही हात भाजलेले. पुन्हा रंधा धरता येईल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. उद्या मंचावरून खरं काय ते सांगावं, एवढंच तिचं मागणं होतं.

आईनं मुलीला पाणी दिलं. एकदा तिच्याकडे नीट पाहिलं, मग नजर मशीनवरच ठेवली.

"आता ते माझ्या हातात राहिलं नाही," ती म्हणाली. "लोक माझ्यासाठी रडतात. आधी हसायचे."

"आणखी घरं जळतील."

आईनं रिकामा पेला घेतला आणि दाराला हात लावला.

सुताराची बायको पायरी उतरली आणि वळली. लिहिणाऱ्यानं आईला फसवलं, तिला बिचारीला खरं कुठून ठाऊक असणार, अशी ती इतके दिवस स्वतःची समजूत घालत आली होती. खरं ठाऊक होतं का, एवढंच तिनं विचारलं.

"ठाऊक होतं," आई म्हणाली. "घर सोडताना तू उशीखाली ठेवलेली चिठ्ठी मी त्याच सकाळी वाचली होती, पोरी."