घट्ट

नवऱ्याच्या, भानुदासच्या, एका सवयीचा उपासनाला मनस्वी राग यायचा. कुठलंही झाकण तो जन्माचं वैर असल्यासारखं आवळायचा. लोणच्याची बरणी असो की थर्मास, उघडायला पुन्हा त्यालाच हाक मारावी लागायची.

आज ती पहिल्यांदाच स्वतः गाडीचं ऑइल बदलत होती. इंटरनेटवरून प्रिंट काढलेली पानं दगडाखाली दाबून, अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या घरासमोर गाडीखाली उताणी पडली होती. जुनं ऑइल मुकाट्यानं परातीत उतरलं, पण झाकणासारखा फिरवून काढायचा ऑइल फिल्टर काही केल्या हलेना. मार्चमध्ये भानुदासनं तो हातानंच पिळून बसवला होता.

"अगं, शॉपमध्ये दे ना गाडी. वीस मिनिटांत करून देतात," शेजारची मालिनी वाकून म्हणाली.

"तो कधी द्यायचा का?"

मालिनीनं एक फडकं गाडीखाली सरकवलं.

उपासनानं फिल्टरला फडकं गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी होता नव्हता तेवढा जोर लावला. "इतकं आवळावं का रे माणसानं!" ती करवादली, आणि फिल्टर कुरकुरत फिरला.

"निघाला?"

उपासना फिल्टर हातात धरून तशीच पडून राहिली. ऑइलचा काळा ओघळ कोपरापर्यंत गेला, तरी तिनं तो पुसला नाही.

"काय झालं गं?"

"तो गेल्यापासून एकेक करून सगळ्या बरण्या उघडून झाल्या, मालिनी. त्यानं आवळलेलं घरात एवढंच राहिलं होतं."