डावी बाजू

"आ करा, मावशी," म्हणत डॉक्टर मुलीने हौसाबाईंच्या हिरडीशी बारीक मोजपट्टी धरली आणि तिचा चेहरा उतरला.

दोन्ही सुळ्यांवरून मागे सरलेली हिरडी तिनेच ओढून शिवली होती. जखम लवकर भरावी म्हणून वापरतात ते हायलुरॉनिक ॲसिडचं जेल मात्र एकट्या डाव्या बाजूला लावलं होतं, कारण त्याने फरक पडतो का हेच तिला कॉलेजच्या प्रबंधासाठी अभ्यासायचं होतं. उजवी हिरडी झकास धरली होती. डावी पुन्हा सरकली होती.

"जेलनेच घात केला. सरांना तसंच सांगते," ती पुटपुटली. "माफ करा, मावशी. उगीच तुमच्यावर प्रयोग केला."

टाके निघाल्यापासून हौसाबाई चोरून तंबाखूची मिश्री घासत होत्या, आणि उजव्या हाताचं बोट आपसूक डावीकडेच जात होतं.

त्यांनी तिचा हात धरला. "तुझ्या औषधाला बोल लावू नकोस, पोरी. मी मिश्री लावत होते. त्याच बाजूला."

"अहो, पण मी रोज फोन करून बजावत होते ना, मिश्री लावू नका म्हणून?"

"तेच तर," हौसाबाईंनी मान खाली घातली. "तुझा फोन आला की तल्लफ यायची."