शेला

मध्यंतर संपून दिवे मालवले, तसे कल्याणराव खुर्चीत सरळ होऊन बसले.

"आता येईल का तुझं?" त्यांनी शेजारी बसलेल्या लेकीला विचारलं.

"येईल, नाना," प्रियदर्शनी म्हणाली.

जालन्याच्या थेटरात रविवारचा दुपारचा खेळ चालू होता. हसनाबादहून तिघं एसटीनं आले होते. कल्याणराव, द्वारकाबाई आणि नुकतीच हैदराबादहून घरी आलेली त्यांची लेक. सुपरहिरो मुलीच्या ॲनिमेशन सिनेमाचा दुसरा भाग लागला होता. त्या मुलीच्या खांद्यावर निळा शेला होता. तो वाऱ्यावर कसा फडफडेल, कुठं दुमडेल, भिजला तर किती जड होईल, हे कॉम्प्युटरवर घडवणाऱ्यांत प्रियदर्शनी होती. गावात कल्याणराव सांगत, "पोरगी पिक्चरमधी कापडाचं काम करती." लोक विचारत, "म्हंजे शिवती का?"

पहिल्या भागानं भरपूर नाव कमावलं. तेव्हा ती हौसेनं कामाला जायची. दुसरा भाग त्याच्याहून सरस झालाच पाहिजे, असं वरच्यांनी ठरवलं आणि मग झोप गेली, सणवार गेले, वेळेवरचं जेवण गेलं. तिच्याकडे एकच प्रसंग होता. साहेब तो पाहायचे आणि म्हणायचे, अजून एकदा. शेवटी उजवं मनगट असं सुजलं की भाकरीचा तुकडाही मोडवेना. प्रसंग पास झाला त्या दिवशी तिला आनंद झाला नाही. नुसतं आडवं व्हावंसं वाटलं.

पडद्यावर पूर आला. मुलीनं पाण्यात सूर मारला. एका म्हाताऱ्याचा हात तिच्या हाताला लागला. प्रियदर्शनी पुढं सरकली.

"नाना, बघा हं. आता."

हात सुटला. म्हातारा दिसेनासा झाला. आणि एकदम सकाळ झाली. चिखलानं भरलेली गल्ली, त्या म्हाताऱ्याचं दार, दारापुढं ती मुलगी. कडी वाजवायला तिचा हात उचलत नव्हता.

प्रियदर्शनीला वाटलं, आपला प्रसंग पुढं घेतला असेल. पण पुढं घेण्यासारखा तो प्रसंग नव्हता. त्याची जागा इथंच होती, हात सुटणं आणि हे दार यांच्यामध्ये.

इतका वेळ कालवा करणारी पोरं गप्प झाली होती. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. तेव्हाच प्रियदर्शनीला कळलं, तिचं काम का काढलं ते. ते असतं तर बघणाऱ्याला मध्ये श्वास घ्यायला उसंत सापडली असती. आता सापडत नव्हती.

शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. "पहिल्यापेक्षा भारी!" बाहेर पडता पडता जो तो म्हणत होता.

आवारातल्या नळापाशी कल्याणराव थांबले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"कधी येऊन गेलं गं? माझा डोळा लागल्ता वाटतं."

"जागेच होते तुमी," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला बी न्हाई दिसलं. पण मला काय कळतंय त्यातलं."

"लेकीचं काम बघायला आल्तो अन् झोपलो. बघ की." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. मग म्हणाले, "थांबा हितंच. पुढच्या खेळाची तिकिटं काढून आणतो. आता पापणी बी लवू देत न्हाई."

ते खिडकीकडे निघालेसुद्धा. प्रियदर्शनी बघत राहिली. हो म्हणावं, असं तिच्या मनात आलं. आत अंधार होता, थंडावा होता, तिला झोप लागली असती. पण नाना पुन्हा डोळे ताणून बसले असते.

"नाना," तिनं हाक मारली. "ते त्याच्यात न्हाईच. काढून टाकलं त्यांनी."

कल्याणराव फिरले. "तुला न इचारता?"

"मला कोण विचारतंय?"

"मंग बिघडला आसंल पिक्चर. बराबर हाये, बिघडणारच."

हे खरं असतं तर किती बरं झालं असतं.

"न्हाई, नाना. चांगला झाला. माझं काढलं म्हणून चांगला झाला."

कल्याणराव नळापाशी परत आले. पुढच्या खेळाची माणसं दाराशी दाटली होती. द्वारकाबाई पायरीवर टेकल्या आणि त्यांनी लेकीला जवळ ओढून बसवलं.

"पर व्हतं काय त्याच्यात? आमाला तर सांग."

"काही न्हाई गं आई. म्हातारा वाहून जातो. मग रात्री ती एका गच्चीवर येऊन बसती. आजूबाजूला कुणी नसतं. अंगावरचा शेला काढती आणि पिळती."

"आन् मंग?"

"मग काही न्हाई. तेवढंच."

कल्याणरावांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, नळाखाली धरून चिंब भिजवला आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"आसं पिळती का?" म्हणत त्यांनी टॉवेलला एकच करकचून पीळ दिला. भसकन पाणी खाली सांडलं.

प्रियदर्शनीनं त्यांच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले.

"इतक्या जोरात न्हाई, नाना," ती म्हणाली. "हळू. ती दमलेली असती."