पुतळ्याशी काय बोलायचं?

"अगं, बोल त्याच्याशी!" अ‍ॅम्ब्युलन्सच्या प्रशिक्षण वर्गात सर चौथ्यांदा कडाडले. "'घाबरू नका, मास्क लावतेय,' एवढं तरी सांग!"

"रबरी पुतळ्याला, सर? त्याला काय कळतंय!"

पोरीचे हात मात्र बिनचूक चालत. तिच्यापुढे डोकं फोडून थकलेल्या सरांनी शेवटी वैतागून ती पास झाल्याच्या कागदावर सही ठोकली.

महिन्याभरात सरांनाच अर्धांगवायूचा झटका आला. शुद्ध होती, पण वाचा गेली. अ‍ॅम्ब्युलन्समधून उतरली ती नेमकी तीच. मास्क, सुई, पट्टे, कुठे म्हणून चूक नाही. सर तिच्या तोंडाकडे डोळे लावून एका शब्दाची वाट बघत होते.

"अगं, सरांना धीर तरी दे," ड्रायव्हर म्हणाला.

"त्यांना आता काय कळतंय!"