पुढच्या पानाची खूण

ब्लॉकचेनवर लिहिलेलं अक्षर अमर असतं. आमच्या ऑफिसचं जाळं मात्र चाचणीपुरतं होतं. शुक्रवारी पाच वाजता ते कायमचं पुसलं जाणार होतं.

त्यात अक्काच्या ओळी होत्या. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, गंधवानीला मास्तरीण; मला अंबू म्हणायची. मी शिकवल्यापासून ती रोज एक ओळ टाकायची: "आज भेंडी चिकट झाली." अमरत्वाला तिच्याकडे एवढा विषय पुरायचा.

चैत्रात ती गेली. जिच्याशिवाय तिच्या सहीने ओळ टाकता येत नाही ती गुप्त किल्ली तिच्या फोनात होती, आणि तो फोन माझ्या कपाटात बंद.

शुक्रवारी देवासच्या घरी बसून मी तिच्या ओळी उतरवायला घेतल्या. सर्व्हर एका मागणीला पंचवीस ओळी देतो आणि सोबत पुढच्या पानाची खूण. खूण आली नाही, की ओळी संपल्या.

तेराव्या पानावर तिची शेवटची ओळ आली. खाली खूणही आली.

"भिया, कोडच्या लायब्ररीत बग असेल," ऑफिसातला पीयूष फोनवर म्हणाला. "फिरसे मागून बघा ना."

मागितलं. चौदाव्या पानावर एकच ओळ होती. सही अक्काची, तारीख आजची, वेळ चार बावन्न.

"अंबू, पुरे आता. चहा गार होतोय."

मी कपाकडे पाहिलं.

चहा खरंच गार झाला होता.