अंजनाबाईंचं पथ्य

रक्तगटानुसार काय खावं, काय टाळावं याचा तक्ता रेश्मानं फ्रीजवर चिकटवला, तेव्हा अंजनाबाई सुनेला हसल्या होत्या. "रगात बघून कोण जेवतंय व्हय?"

पण रजा अर्धवट टाकून लेक शिवतेज सीमेवर परत गेला आणि त्या दिवसापासून त्या तक्ता पाळू लागल्या. आज तर ए गटाला वर्ज्य म्हणून मटणाची वाटीही त्यांनी बाजूला सारली.

"आवं आत्या, तुमचा जीव हाय मटणावर. वाईच खावा की."

अंजनाबाईंची नजर फोनवर होती. तो तीन दिवस वाजला नव्हता.

"माझा आन शिवतेजचा गट एकच हाय," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला रगात द्यायची येळ आलीच, तर माझं चांगलं असाय पायजे."