काठोकाठ

पंपातलं उरलंसुरलं पाणी सांडून सोलांजने त्याचं झाकण लावलं आणि कॉम्प्रेसर ओढत काठाशी आणला. परसातल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी तिने कालच दीड वीत खाली आणून ठेवलं होतं. भिंतीत पाणी ओढून घेणारं प्लास्टिकचं तोंड होतं, त्याच्याही खाली. नदीवरून बोचरा वारा येत होता. रेजिस कॉफीचा मग घेऊन खुर्चीत बसून होता.

"कालपासून चाललंय तुझं," तो म्हणाला. "मारीझ म्हणते, व्हिडिओत बारा मिनिटांत उरकतात."

"मग मारीझलाच बोलवायचं होतंस."

"ती उद्या कायमची राहायला येतेय. आल्या आल्या तिला कामाला जुंपू?"

चोवीस वर्षं संसार केलेल्या बायकोला मात्र, ती घर सोडून गेल्यावर चार महिन्यांनी, फोन करून बोलवायला त्याला काही वाटलं नव्हतं. 'थंडी पडायच्या आत तलाव बंद करून जा, तुला माहीत आहे सगळं,' एवढंच तो म्हणाला होता. माहीत होतंच. शेजारीपाजारी तो 'मी दर वर्षी स्वतः बंद करतो' म्हणून सांगायचा आणि प्रत्यक्षात इकडची काडी तिकडे करायचा नाही. सोलांज आली ती त्याच्यासाठी नव्हे. तलावाच्या कडेच्या निळ्या फरश्या तिने एका उन्हाळ्यात गुडघे टेकून एकेक करून बसवल्या होत्या. रेजिसच्या भरवशावर त्या एक हिवाळासुद्धा टिकल्या नसत्या.

कॉम्प्रेसर घरघरला. जमिनीखालच्या नळातून हवा धावली आणि भिंतीतल्या पहिल्या भोकातून बुडबुडे उसळले. सोलांजने बाही खांद्यापर्यंत सारली, गार पाण्यात हात घातला आणि बूच पिळून घट्ट केलं. मग दुसरं. तिसऱ्यापाशी तिचा हात थांबला.

हे बूच अर्धा आटा ढिलं ठेवायचं. पाणी गुपचूप नळात परत शिरेल, जानेवारीत गोठेल आणि नळ फुटेल. एप्रिलपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. मग काँक्रीट फोडा, अंगण खणा. मारीझचा इथला पहिला उन्हाळा चिखलात जाईल. तो चिखल सोलांजला डोळ्यांसमोर दिसला आणि खरं सांगायचं तर भारी गोड वाटला.

"झोप लागली की काय?" रेजिसने विचारलं.

तिने बूच घट्ट केलं. दया वगैरे काही आली नव्हती. वाईट काम तिच्या हाताला जमत नव्हतं, एवढंच.

मग नळांत न गोठणारं गुलाबी औषध ओतून झालं. ताडपत्री पसरून झाली. कडेने दाबायला पाण्याच्या लांब पिशव्या तिने एकटीने सरकवत नेल्या. खुर्चीजवळून पिशवी जाताना रेजिसने पाय तेवढे वर घेतले.

"ऐक," ती हात पुसत म्हणाली. "आता एप्रिलपर्यंत याला हात लावायचा नाही. पाणी आहे तिथेच राहू दे. वर आलं तर बर्फ फुगेल आणि भिंतीतलं ते तोंड फोडेल. फरश्याही उचकटतील."

"झालं तुझं पुराण सुरू. दर वर्षी तेच. मला काय कळत नाही?"

सोलांजने कॉम्प्रेसर गाडीत टाकला आणि ती निघाली. संध्याकाळी लक्षात आलं, हातमोजे मागेच राहिले. ती परत परसात आली.

रेजिस उभा होता. आज पहिल्यांदाच. त्याने ताडपत्रीचा एक कोपरा उचलून आत बागेची नळी सोडली होती आणि नळ पूर्ण उघडला होता.

"मध्ये झोळी झाली होती," तिला बघताच तो म्हणाला. "तो गोद्रोचा तलाव बघ कुंपणापलीकडे. ताडपत्री कशी, टेबलासारखी सपाट. आणि आपला हा? मारीझ उद्या बघेल तर काय म्हणेल? तुझं प्रत्येक काम मेलं अर्धवट."

गोद्रो ताडपत्री जमिनीत खुंट्या मारून पट्ट्यांनी ताणून बांधत असे. हे तिने रेजिसला किमान दहा वेळा सांगितलं होतं.

सोलांज उचललेल्या कोपऱ्याशी वाकली. पाणी त्या तोंडात केव्हाच शिरलं होतं. निळ्या फरश्यांची खालची ओळ बुडाली होती, वरची बुडायच्या बेतात होती. नळ चार पावलांवर होता. तिने तोंड उघडलं.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. या माणसावर तिने चोवीस वर्षं शब्द खर्चले होते, आणि शेवटचे तर आज सकाळीच.

तिने एका फरशीवरून अंगठा फिरवला. मग उठून खुर्चीवरचे हातमोजे घेतले आणि एकेक बोट नीट बसवत घातले.

"अजून चार बोटं कमी आहे, रेजिस," ती म्हणाली. "काठोकाठ भर."